वनस्पतिज संयुगे आणि तोंडाच्या कर्करोगाचा प्रतिबंध : प्रस्तावना

तोंडाचा कर्करोग सहसा सावकाश येतो. तंबाखूचा बार वर्षानुवर्षे ज्या दाढेखाली ठेवला जातो, त्याच जागी गालाचे अस्तर आधी खरखरीत होते. मग तिथे पुसूनही न जाणारा पांढरा चट्टा उमटतो, कधी त्यात लाली मिसळते, आणि काहींच्या बाबतीत पुढे न भरणारी जखम किंवा गाठ होते. पहिल्या चट्ट्यापासून गाठीपर्यंत अनेक वर्षे जाऊ शकतात. हा काळ हाताशी असताना एखादे औषध देऊन रोगाची वाटचाल रोखता येईल का, आणि ते औषध हळद, विड्याचे पान किंवा सोयाबीन अशा ओळखीच्या वनस्पतींतून मिळेल का, हा या विषयाचा मूळ प्रश्न आहे.

प्रश्नाचा आवाका मोठा आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळपास ८० हजार माणसे त्याने दगावली. देशातल्या पुरुषांत हाच कर्करोग सर्वाधिक आढळतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, तर धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते. म्हणजे या राज्यात तंबाखूचा प्रश्न मुख्यतः तोंडात धरण्याच्या तंबाखूचा आहे. इथे ज्यांचा विशेष विचार केला आहे, त्या नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत तो रोज डोळ्यांसमोर असतो. शेतात कामाला लागण्याआधी तळहातावर मळलेली तंबाखू आणि चुना, टपरीवरचा मावा, विदर्भाच्या बाजूने आलेला खर्रा, सुपारी आणि बायकांची मिश्री अशी त्याची अनेक रूपे आहेत. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी नांदेडला तेलंगणाची आणि दोन्ही जिल्ह्यांना कर्नाटकाची सीमा लागून असल्याने बंदी राबवणे इथे विशेष अवघड जाते.

रोग कसा घडतो हे कळल्याशिवाय तो कुठे अडवायचा हे ठरत नाही. तंबाखू सुकवताना आणि मुरवताना तिच्यातल्या निकोटीन व तत्सम द्रव्यांपासून नायट्रोसामाइन नावाची संयुगे तयार होतात. त्यांतली एनएनएन आणि एनएनके ही दोन संयुगे माणसात कर्करोग घडवतात हे सिद्ध झाले आहे. शरीरातली वितंचके (एन्झाइम) या संयुगांचे रूप बदलतात आणि बदललेली संयुगे पेशींच्या डीएनएला चिकटतात. पेशीने ही इजा दुरुस्त केली नाही तर जनुकीय चूक कायम होते. चुन्यामुळे तोंडातली अल्कता वाढते, त्यामुळे निकोटीन लवकर शोषले जाते आणि सुपारीतल्या द्रव्यांपासून पेशींना भाजणारे ऑक्सिजनचे क्रियाशील कण अधिक तयार होतात. सुपारीला स्वतःचा वेगळा दोषही आहे. तिच्यातले अरेकोलिन तंतुपेशींना चेतवते आणि तिच्यातले तांबे कोलॅजनचे धागे एकमेकांना घट्ट बांधणाऱ्या वितंचकाला बळ देते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही माणसातील कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. तंबाखू नसलेली सुपारी निरुपद्रवी असते, हा समज त्याने मोडीत निघाला.

कर्करोगाआधीच्या दोन अवस्था प्रतिबंधाच्या अभ्यासात महत्त्वाच्या ठरतात. पहिली म्हणजे ल्युकोप्लाकिया, म्हणजे दुसरे कोणतेही कारण न सापडणारा पांढरा चट्टा. दुसरी सबम्युकस फायब्रोसिस. तिच्यात गालाच्या अस्तराखालचे मऊ ऊतक तंतूंनी भरते, तिखट लागताच आग होते, आणि पुढे तोंड इतके आवळते की घास आत जायला जागा उरत नाही. दवाखान्यात डॉक्टर रुग्णाला स्वतःची बोटे उभी करून तोंडात घालायला सांगतात. तीन बोटे जात असतील तर ठीक, दोनच किंवा एकच जात असेल तर रोग पुढे गेलेला असतो. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये या विकाराचे वर्णन करून त्याला आजचे नाव दिले. त्या वेळी तो मध्यमवयीनांचा मानला जाई. सुपारी आणि गुटख्याच्या पुड्या स्वस्त झाल्यावर तो तरुणांत, अगदी शाळकरी मुलांतही दिसू लागला.

धोक्याच्या अवस्थेत असलेल्या, पण कर्करोग न झालेल्या माणसाला रसायन देऊन रोग टाळणे या कल्पनेला अमेरिकी संशोधक मायकेल स्पोर्न यांनी १९७६ मध्ये केमोप्रिव्हेन्शन हे नाव दिले. कर्करोग झाल्यावर दिल्या जाणाऱ्या केमोथेरपीपेक्षा ही गोष्ट मुळातच वेगळी आहे. ज्याला अजून कर्करोग नाही, ज्याला कदाचित तो कधी होणारही नाही, अशा माणसाने औषध महिनोन्‌महिने घ्यायचे असते. त्यामुळे ते औषध गुणकारी असून भागत नाही, ते अत्यंत निर्धोकही असावे लागते. वनस्पतींकडे लक्ष वळते ते यामुळेच, कारण ज्या वनस्पती शतकानुशतके जेवणात आहेत त्या निर्धोक असणार असे गृहीत धरले जाते.

या गृहीतकाची सर्वांत कडक परीक्षा याच रोगाने घेतली आहे. तंबाखूतले निकोटीन वनस्पतिज आहे, सुपारीतले अरेकोलिनही वनस्पतिज आहे. रोगाचे कारण आणि रोगावरचा अपेक्षित उपाय दोन्ही एकाच वनस्पतिसृष्टीतून, कित्येकदा एकाच विड्यातून येतात. म्हणून ‘नैसर्गिक’ हा शब्द या क्षेत्रात पुरावा ठरत नाही. कोणत्या वनस्पतीतले कोणते संयुग, किती मात्रेत, कोणत्या माणसात आणि किती काळ, हे सर्व मोजल्यावरच काही म्हणता येते.

विड्याचा गुंता सोडवण्याचे मोलाचे काम महाराष्ट्रातच झाले. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत डॉ. सुमती भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंबाखू, मिश्री, सुपारी आणि पान यांची वेगवेगळी तपासणी केली. पानातले हायड्रॉक्सिचॅव्हिकॉल हे संयुग जनुकीय बिघाडाला अटकाव करते, असे या गटाने १९८६ मध्ये दाखवले. त्यासाठी जिवाणूंवर केली जाणारी चाचणी वापरली होती. पुढच्याच वर्षी याच पद्धतीने कुर्कुमिनचा गुण तपासला गेला. १९९२ मध्ये एम. ए. अझुइने आणि भिडे यांनी हॅमस्टरच्या तोंडात नायट्रोसामाइनने कर्करोग घडवून आणला आणि त्याच वेळी काही प्राण्यांना पानाचा अर्क, काहींना हळद, तर काहींना दोन्ही दिले. या प्राण्यांत गाठींपासून संरक्षण दिसले. विड्यातले पान एका बाजूला ओढते आणि त्यात गुंडाळलेली तंबाखू-सुपारी दुसऱ्या बाजूला. माणसांमधल्या पाहण्या सांगतात की या ओढाताणीत पान हरते, कारण तंबाखूचा विडा खाणाऱ्यांना कर्करोग होतोच. विड्यातल्या एका घटकाचा गुण दाखवून विडा खाण्याचे समर्थन करता येत नाही.

एखादे संयुग माणसापर्यंत पोचण्याआधी त्याला ठरलेल्या पायऱ्या चढाव्या लागतात. पहिली पायरी वनस्पतीच्या ओळखीची आहे. एकाच मराठी नावाखाली दोन जाती विकल्या जातात आणि एकाच जातीचा कस जमीन, हंगाम व साठवण यांनुसार बदलतो. म्हणून नमुना वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळखून, वाळवून, नोंदवून जतन करावा लागतो. मग पाणी, अल्कोहोल किंवा अन्य द्रावकांत अर्क काढला जातो आणि त्यातल्या मुख्य संयुगांचे प्रमाण उपकरणांवर मोजले जाते. हे प्रमाण दर खेपेला सारखे राहिले नाही, तर पुढच्या सगळ्या प्रयोगांना अर्थ उरत नाही. भारताने २०१५ मध्ये औषध कायद्याच्या नियमांत फायटोफार्मास्युटिकल हा वर्ग आणला. त्यात अर्कातली किमान चार संयुगे ओळखून मोजण्याची अट आहे ती याच कारणाने.

दुसरी पायरी काचपात्रातली आहे. कर्करोगाच्या पेशी वाढवून त्यांवर अर्क टाकला जातो आणि किती पेशी जगल्या हे रंगाच्या चाचणीने मोजले जाते. ही चाचणी स्वस्त आणि झटपट होणारी असल्याने जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांतही करता येते. म्हणूनच तिच्या निष्कर्षांवर भिस्त ठेवताना जपावे लागते. केबी नावाच्या पेशी १९५०च्या दशकापासून तोंडाच्या कर्करोगाच्या म्हणून वापरल्या गेल्या. पुढे त्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून आलेल्या हेला पेशी निघाल्या. कुर्कुमिनची अडचण निराळी आहे. ते अस्थिर आहे, स्वतः पिवळे आहे, अनेक प्रथिनांना चिकटते, त्यामुळे रंग आणि प्रकाशावर आधारलेल्या चाचण्यांत ते खोटा गुण दाखवू शकते, असा इशारा रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये सविस्तर दिला. शिवाय पुरेशा मात्रेत मीठसुद्धा काचेतल्या पेशी मारते. अर्काने कर्करोगाच्या पेशी मेल्या, एवढ्यावरून तो कर्करोग टाळतो असे ठरत नाही. तोंडाच्या निरोगी पेशींचे काय झाले हेही पाहावे लागते.

तिसरी पायरी प्राण्यांची आहे. हॅमस्टरच्या गालात दाणे साठवायची पिशवी असते. तिच्या अस्तरावर डीएमबीए हे रसायन आठवड्यातून तीनदा लावले, तर साधारण चौदा ते सोळा आठवड्यांत माणसासारखीच क्रमाक्रमाने वाढणारी गाठ तयार होते. तमिळनाडूच्या अण्णामलै विद्यापीठात या पद्धतीने कडुनिंबासह कित्येक वनस्पती तपासल्या गेल्या. खारघरच्या टाटा कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. गिरीश मारू यांच्या गटाने कुर्कुमिन आणि चहातली संयुगे कर्करोगकारकांना नेमकी कुठे अडवतात याचा शोध घेतला. या प्रयोगांचे मोल मोठे आहे, पण हॅमस्टर तंबाखू खात नाही, वीस वर्षे चुना लावत नाही, आणि त्याला बहुतेक वेळा अर्क कर्करोगकारकाच्या आधीपासून किंवा बरोबरीने मिळतो. दवाखान्यात येणारा माणूस वीस वर्षांनंतर येतो.

चौथी पायरी माणसांवरच्या चाचण्यांची, आणि अनेक आशादायक पदार्थ तिथेच अडखळतात. १९९५ मध्ये केरळात रोज १ ग्रॅम स्पिरुलिना शेवाळ वर्षभर दिल्यावर ४५ टक्के लोकांचा चट्टा पूर्ण गेला, तर तुलनेच्या गटात ७ टक्क्यांचा. १९९७ मध्ये तिथेच झालेल्या अभ्यासात अ जीवनसत्त्वाने ५२ टक्के, गाजरातल्या बीटा कॅरोटीनने ३३ टक्के आणि औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीने १० टक्के लोकांचा चट्टा नाहीसा झाला. पण औषध थांबताच गुण आलेल्यांपैकी अर्ध्याअधिक लोकांत चट्टा परतला. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपानकर्त्यांवर झालेल्या चाचणीचा निकाल १९९४ मध्ये आला, तो तर सर्वांना हादरवणारा होता. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक झाला. भाजीतून मिळणारे तेच द्रव्य गोळीतून मोठ्या मात्रेत, तेही तंबाखू चालू असताना दिले, तर अपाय करू शकते, हे त्यातून कळले. नांदेड-लातूरसारख्या भागात, जिथे चाचणीत येणारे बहुतेक लोक तंबाखू खातच असतील, हा धडा विसरून चालणार नाही.

हळदीचा विषय या भागाला जवळचा आहे. नांदेड, हिंगोली आणि परभणी हा आज महाराष्ट्राच्या हळदीचा मोठा पट्टा आहे. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि वसमतला हरिद्रा संशोधन केंद्रही उभे राहिले आहे. हळदीतले कुर्कुमिन पेशींतला दाह वाढवणाऱ्या यंत्रणेला आवर घालते, हे प्रयोगशाळांत वारंवार दिसले आहे. दक्षिण भारतात २२३ ल्युकोप्लाकियाग्रस्तांवर झालेली दुहेरी अंध चाचणी, म्हणजे खरे औषध कोणाला मिळाले हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसलेली चाचणी, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिने रोज ३.६ ग्रॅम कुर्कुमिन घेणाऱ्यांपैकी ६७.५ टक्के लोकांत चट्ट्यात सुधारणा दिसली, तर दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ५५.३ टक्के. फरक खरा होता, पण थोडा. चट्ट्याचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर मात्र दोन्ही गटांत लक्षणीय अंतर सापडले नाही.

मात्रेचा हिशोबही नीट मांडायला हवा. हळदीत कुर्कुमिन ३ टक्के धरले, तर ३.६ ग्रॅमसाठी रोज १२० ग्रॅम हळद लागेल. इतकी हळद कोणत्याही स्वयंपाकघरात एका माणसाच्या ताटात जात नाही. वरणातल्या हळदीने चट्टा बरा होतो, असा अर्थ या चाचणीतून काढता येत नाही. शिवाय कुर्कुमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. मिरीतल्या पायपरिनमुळे रक्तातले त्याचे प्रमाण कैक पटींनी वाढते, हे बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले. पण पायपरिन इतर औषधांचेही रक्तातले प्रमाण बदलते, आणि हळदीच्या तीव्र गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अलीकडे झाल्या आहेत. जेवणातली हळद आणि गोळीतली हळद या वेगळ्या गोष्टी आहेत.

लातूरला दुसरे उदाहरण जवळचे वाटेल. सोयाबीनच्या खरेदी-विक्रीत लातूरची बाजार समिती राज्यात अग्रेसर मानली जाते. सोयाबीनच्या दाण्यात बोमन-बर्क नावाचे प्रथिन असते, जे पचनातल्या काही वितंचकांना रोखते. त्याने प्राण्यांत गाठी रोखल्याचे दिसल्यावर अमेरिकेत ३२ ल्युकोप्लाकियाग्रस्तांना महिनाभर ते दिले गेले. २००० मध्ये आलेल्या निकालात ३१ टक्के लोकांत सुधारणा होती. मोठी आशा निर्माण झाली. त्यानंतर दिखाऊ औषधाशी तुलना करणारी सहा महिन्यांची चाचणी झाली आणि २०१३ मध्ये तिचा निकाल आला, तेव्हा प्रथिन घेणाऱ्यांत २८ टक्के व दिखाऊ औषध घेणाऱ्यांत ३० टक्के लोक सुधारले होते. पहिल्या अभ्यासात तुलनेचा गटच नव्हता, म्हणून औषधाचा वाटलेला गुण प्रत्यक्षात चट्ट्याच्या स्वभावाचा भाग असू शकतो हे तेव्हा कळलेच नाही.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की चाचणी कशी आखावी हे उमगते. ल्युकोप्लाकिया कमी-जास्त होणारा विकार आहे. चाचणीत नाव नोंदवलेल्या माणसाचे तोंड दर महिन्याला तपासले जाते, त्याला समजावले जाते, आणि तो नकळत तंबाखू कमी करतो. सुधारणेचा मोठा वाटा यातून येऊ शकतो. तेव्हा तुलनेचा गट नसलेला अभ्यास, तो अर्क कितीही जुन्या ग्रंथातला असो, निर्णायक ठरू शकत नाही. दुसरी अडचण मोजमापाची आहे. चट्ट्याचे कर्करोगात रूपांतर बहुतेक पाहण्यांत वर्षाला शंभरात एक ते तीन जणांत होते, काहींत त्याहूनही कमी. कर्करोग खरोखर टळला हे दाखवायला हजारो माणसे आणि कित्येक वर्षे लागतील. म्हणून बहुतेक चाचण्या चट्ट्याचे आकारमान मोजून थांबतात. चट्टा लहान झाला तरी त्याच्या पेशींतला बिघाड राहू शकतो. २०१६ मध्ये १४ चाचण्या आणि ९०९ रुग्णांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात कोणत्याही औषधाने तोंडाचा कर्करोग टळतो असा पुरावा मिळाला नाही. हाच या क्षेत्राचा आजचा प्रामाणिक ताळेबंद आहे.

तरीही नांदेड-लातूर भागात हे काम करण्यासारखे आहे आणि त्यासाठीची साधने इथे आहेत. नांदेडला १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. लातूरला वैद्यकीय व दंत महाविद्यालये आणि १९६६ पासून सेवा देणारे विवेकानंद रुग्णालय आहे. शेजारच्या बार्शीत १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे. वनस्पती ओळखणारे, अर्क मोजणारे, तोंड तपासणारे आणि रुग्णांची वर्षानुवर्षे नोंद ठेवणारे असे सगळे हात इतक्या जवळ असणे ही थोडी बाब नाही.

इथल्या चाचणीला मात्र इथली माती ओळखावी लागेल. मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूर या डोंगराळ तालुक्यांतली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. सहा महिन्यांची चाचणी पावसाळ्यात सुरू केली तर निम्मी माणसे मध्येच हाताबाहेर जातील. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, तांड्यांवर गोरमाटी आणि शहरांत दखनी बोलली जाते. संमतिपत्र केवळ छापील मराठीत असून चालत नाही, ते ज्याच्या त्याच्या बोलीत वाचून दाखवावे लागते. तंबाखू सोडली, असे सांगणाऱ्याची लाळ किंवा लघवी तपासून निकोटीनचे अवशेष पाहावे लागतात. चाचणीची नोंद देशाच्या चाचणी नोंदवहीत पहिल्या माणसाला औषध देण्याआधी करावी लागते, नीतिमत्ता समितीची परवानगी घ्यावी लागते, आणि निकाल नकारात्मक आला तरी छापावा लागतो. दडवलेल्या नकारात्मक निकालामुळे पुढच्या गावात तोच निरुपयोगी अर्क पुन्हा दिला जातो.

शेवटी, कोणत्याही संयुगाची खरी तुलना दिखाऊ गोळीशी होऊन संपत नाही. त्याला आधीच सिद्ध झालेल्या दोन उपायांच्या शेजारी उभे राहावे लागते. पहिला उपाय मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन गटाने दाखवून दिला. फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडूतांच्या तोंडांची पाहणी प्रसिद्ध केली, आणि १९८६ मध्ये देशातल्या तीन जिल्ह्यांतल्या सुमारे ३६ हजार तंबाखूसेवकांवरच्या प्रयत्नांचा निष्कर्ष मांडला. घरोघरी जाऊन समजावल्याने लोक तंबाखू सोडतात किंवा कमी करतात, आणि त्यांच्यात ल्युकोप्लाकिया नव्याने होण्याचे प्रमाण घटते, असे तीनपैकी दोन जिल्ह्यांत दिसले. दुसरा उपाय केरळातल्या मोठ्या चाचणीतून आला. तिचा निकाल २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी टॉर्चच्या उजेडात तोंड तपासल्याने तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले.

तंबाखू-सुपारी सोडणे आणि वेळेवर तोंड तपासून घेणे, या पायावर वनस्पतिज संयुगाची भर घालता येते का, हेच तपासायचे आहे. व्यसन सुटूनही ज्यांचा चट्टा जात नाही आणि ज्यांचे तोंड आवळलेलेच राहते, अशा माणसांसाठी आज वैद्यकाकडे देण्यासारखे थोडेच आहे. हळद, पान, सोयाबीन किंवा आणखी एखादी वनस्पती त्यांच्या उपयोगी पडली तर ते मोठे काम ठरेल. ते ठरवायचे असेल तर नमुन्याच्या ओळखीपासून वर्षानुवर्षांच्या नोंदीपर्यंत एकही पायरी गाळता येणार नाही.